वफ्र्याच्या मक्यातला एस्पांताल्यु

पाखराला फसवायला तीन दिवस मिळतात. चौथ्या दिवशी ते तुमच्याकडे मान वाकडी करून बघतं आणि आठव्या दिवशी तुमच्या डोक्यावर येऊन बसतं. गेली सतरा वर्षं मी कुवेतमध्ये पाखरं हाकलण्याच्या धंद्यात आहे. हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, आणि तरी एकदा मी ते कागदावरून गाळलं. त्या गाळण्याचं पुढे काय झालं ते इथे सांगणार आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला नवीन बाई भेटली की विचारते, "तुम्ही काय करता?" इथे कुणी बँकेत असते, कुणी अकाउंट्समध्ये, आणि बहुतेकींचे नवरे तेलात. माझाही तेलातच आहे. मी सांगते, "मी बुजगावणी विकते." बाई हसते, मग मी हसत नाही हे बघून थांबते आणि विचारते, "इथे? वाळवंटात?"

वाळवंटात म्हणूनच. कुवेतच्या दक्षिणेला वफ्रा म्हणून भाग आहे. तिथे पॉलीहाऊस आहेत, खजुराच्या बागा आहेत, उघड्यावर मका आणि बकऱ्यांसाठी लसूणघास आहे. चहूकडे वाळू आणि मध्ये एवढंच हिरवं, त्यामुळे उडून दमलेलं पाखरू दुसरीकडे जाणार कुठे? साळुंक्या, बुलबुल, होले, चिमण्या सगळे तिथेच उतरतात. शहरातली गिऱ्हाइकं वेगळी. त्यांना एसीच्या डब्यांवर बसणारी कबुतरं नको असतात. आमचं दुकान शहराजवळच्या राई भागात आहे, एका बाजूला टाइल्सचं शोरूम आणि दुसऱ्या बाजूला गॅरेज. आम्ही जाळ्या विकतो, उन्हात चमकणाऱ्या फिती विकतो, घारीच्या आकाराचे पतंग विकतो, गॅसवर दर थोड्या वेळाने धडाम वाजणारी तोफ विकतो, आणि कबुतरांसाठी खिळ्यांच्या पट्ट्या. मी शेतकीची पदवी घेऊन नाशिकहून आले आणि इथे सुरुवातीला ऑर्डरी टाइप करायला बसले. वर्षभरात कळलं की दुकानात पाखरांबद्दल माहिती असलेली मी एकटीच आहे. तेव्हापासून शेतावर जायचं काम माझं.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. जहरा शहरातल्या एका घरात सून आम्हाला बोलावून खिडक्यांवर खिळे लावून घ्यायची आणि सासू वर गच्चीत कबुतरांना तांदूळ टाकायची. तीनदा गेलो. तिसऱ्यांदा सासूने मला आत बसवून चहा दिला आणि विचारलं, "हे खिळे सुनेच्या खोलीच्या दाराला लागतील का?" राईच्याच एका झुंबरांच्या शोरूममध्ये दोन चिमण्या शिरल्या होत्या. मालकाला त्या बाहेर हव्या होत्या, पण त्यांना भीती वाटलेली चालणार नव्हती. मला म्हणाला, "घाबरवू नका. समजावून सांगा." मी सगळी झुंबरं बंद करायला लावली आणि एकच दार उघडं ठेवलं. उजेडाच्या मागे दोघी अर्ध्या तासात गेल्या. तो अजूनही भेटला की विचारतो, तू त्यांना नक्की काय सांगितलंस.

बुजगावणी मात्र शेतासाठी. ती आमच्याकडे आंतोन बाब शिवायचे. गोव्यातल्या साळगावचे. तीस वर्षं त्यांनी कुवेती लोकांचे दिशदाशे, म्हणजे त्यांचे पायघोळ पांढरे झगे, शिवले, मग बारीक शिलाई डोळ्यांना झेपेना म्हणून आमच्याकडे मोठी शिलाई करायला आले. गोदामाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं मशीन होतं आणि भोवती बिनडोक्याची माणसं रचलेली असायची. बुजगावण्याला कपडे काय घालायचे हा या देशात सोपा प्रश्न नाही. दिशदाशा घातला तर मालकाला अपमान वाटतो. शर्टपँट घातली तर ऑफिसातली माणसं हसतात. मी यावर एक युक्ती काढली होती आणि मला तिचा अभिमान होता. शेतावर जो माणूस पाखरं हाकलतो, त्याचेच जुने कपडे मागून घ्यायचे. पाखरं त्या रंगाला, त्या टोपीला आधीच भ्यायलेली असतात. आयती भीती मिळते.

दोनेक वर्षांपूर्वी दुकानाच्या साहेबांनी नवीन प्रकारची बुजगावणी करायचं ठरवलं. खांद्यात स्प्रिंग, वाऱ्यावर हात हलणारी. त्यांना पत्रकासाठी भारदस्त नाव हवं होतं. मी वर गेले.

"बाब, बुजगावण्याला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात?"

त्यांनी मशीनवरून मान वर केली नाही. "एस्पांताल्यु."

"छान आहे. महागातल्या फर्निचरसारखं वाटतं."

"फर्निचर? माझी आजी मला म्हणायची. बिनइस्त्रीचा शर्ट घालून चर्चला निघालो की म्हणायची, बघा, आमचा एस्पांताल्यु निघाला. गबाळ्या माणसाला तोच शब्द. म्हणून तर मी टेलर झालो गो बाय."

त्यांच्या घरी पोर्तुगीज बोलत. त्यांचे मामा पाद्री व्हायला म्हणून लॅटिन शिकले होते आणि अर्ध्यातून परत आले होते. ते सगळं लॅटिन त्यांनी भाच्याच्या डोक्यात ओतलं. तेव्हा बाबांना एकदा शब्दावर आणलं की थांबवणं अवघड. त्यांनी धागा तोडला आणि सांगायला लागले. एस्पांतार म्हणजे दचकवणं, घाबरवून उठवून लावणं. त्याच्या पोटात जुन्या लॅटिनमधली भीती बसली आहे. पावोर हा भीतीचा शब्द पोर्तुगीजमध्ये अजून आहे, तो त्याच घरातला. आणि मागे जोडलेलं 'आल्यु' हे शेपूट. हे शेपूट बहुधा जरा हलक्या, कामचलाऊ वस्तूला लागतं. सगळं मिळून, दचकवायला केलेलं एक चिंध्यांचं काहीतरी.

"आमच्यातही तसंच आहे," मी म्हणाले. "बैल बुजतो, घोडं बुजतं, त्यातून बुजगावणं. आणि खाली अरबी पाटीवर फज्जाआ लिहिलंय, तेही घाबरवण्यातूनच आलंय म्हणे."

"मग बघ. तीन मुलखांतल्या शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता तेच नाव ठेवलं. तो उभा असतो, पण उभं राहण्यावरून कुणी नाव ठेवलं नाही. दचकवण्यावरून ठेवलं. आता तू मला सांग, तू मला रोज ह्याच दारात ह्याच साडीत दिसलीस, तर मी दचकेन काय?"

"मी साडी नेसत नाही, बाब."

"तेंच ते. नेसून ये, दचकतो की नाही बघ."

मला पत्रक दुपारपर्यंत द्यायचं होतं. मी नाव लिहून घेतलं आणि खाली आले.

आमच्या जुन्या माहितीपत्रकात एक ओळ होती: दर तीन दिवसांनी बुजगावण्याची जागा बदला. गिऱ्हाइकाला ही ओळ आवडत नसे. यंत्र घेतल्यावर पुन्हा काम करायचं, हे कुणालाच आवडत नाही. साहेबांनी सुचवलं, ही ओळ काढून टाक, नवे हात हलतात ना. मी काढली. वर माझ्या मनाने लिहिलं, "एकदा उभा करा आणि विसरून जा. माणूस लागत नाही." साहेबांनी मला यातलं एक अक्षरही सांगितलं नव्हतं. ते माझं.

बाबांनी छापलेलं पत्रक वाचलं. "हें फट, बाय." खोटं आहे हे.

"पत्रक आहे, बाब. वधूवरसूचक मंडळातसुद्धा एवढं चालतं."

त्यांनी पत्रक बाजूला ठेवलं. मशीन सुरू केलं.

पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक होते अबू फहाद. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, वफ्र्याला शेत. त्यांचे वडील मुंबईला खजूर घेऊन जायचे, त्यामुळे त्यांना त्यांच्या पद्धतीचं हिंदी येत होतं. माझ्या मुलीचं नाव सई हे एकदा कळल्यापासून ते मला उम्म सई म्हणत. सईची आई. त्यांना मक्यात बारा एस्पांताल्यु हवे होते. डिसेंबरचे दिवस, कणसं भरत आली होती.

माल घेऊन आम्ही पहाटेच पोचलो, कारण पाखरं उजाडताना येतात आणि ती कुठून येतात हे बघितल्याशिवाय मी काही उभं करत नाही. वफ्र्यात त्या दिवसांत चांगली थंडी असते. धुक्यातून डबा वाजत होता आणि कुणीतरी हाळी देत होतं. मग एक खडा माझ्या डोक्यावरून सणकन गेला आणि पलीकडे साळुंक्यांचा थवा उठला. मी बघतच राहिले. गोफण. पॉलीहाऊसच्या सुतळीची विणलेली, पण गोफणच. इतक्या वर्षांत या देशात मी ती पहिल्यांदा बघितली.

गोफणवाला माणूस निळ्या डांगरीत होता, कानाला मफलर. मी मराठीत विचारलं, "गाव कुठलं?"

तो दचकला. मग म्हणाला, "धर्माबादकडचं. नांदेड जिल्हा. पोशेट्टी म्हन्तेत मला."

पोशेट्टीचं वय पंचावन्नच्या पुढे. आठ वर्षं याच शेतावर. दोन वर्षांपूर्वी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्याला क्रेट उचलायला मनाई होती, म्हणून अबू फहादनी त्याला पाखरं राखायला ठेवलं. लहानपणी त्याने जोंधळा राखला होता. त्याला ते जमायचं. कुठल्या बांधाकडून साळुंकी येते, होले कधी उतरतात, सगळं तोंडपाठ. मी माझ्या वहीत त्याचंच ऐकून बारा जागा आखल्या. मग नेहमीच्या सवयीने त्याला विचारलं, "जुनी डांगरी आहे का? टोपी? असतील तेवढे कपडे हवेत."

"कामून?"

"बुजगावण्यांना घालायचे. पाखरं तुम्हाला भितात ना."

तो खोलीत गेला आणि चार डांगऱ्या, दोन टोप्या, एक जुनं मफलर घेऊन आला. घड्या घातलेल्या. "धुतलेल्या हायेत," म्हणाला. आम्ही त्या फाडून, आमच्या निळ्या कापडाला जोडून बाराही जणांना चढवल्या. एकाला त्याने स्वतः मफलर बांधलं, दोनदा सोडून पुन्हा नीट बांधलं.

"अक्का, ह्याला काय म्हन्तेत?"

"एस्पांताल्यु."

त्याने एकदा मनात म्हणून बघितलं असावं. "माझ्यापेक्षा नाव चांगलं हाय," म्हणाला.

अबू फहाद आठ वाजता आले. वारा होता, बाराही हात हलवत होते. त्यांनी कमरेवर हात ठेवून सगळं शेत बघितलं आणि खूश होऊन पोशेट्टीला हाक मारली. "पोशेट्टी, अब तुम घर जाएगा. आठ साल बहुत है. महीना खलास, टिकट मैं देगा." मग माझ्याकडे वळून, "बेचारा बूढ़ा हो गया, उम्म सई. ठंडी में डब्बा मारता है. अभी आराम करेगा."

ते मनापासून बोलत होते. त्यांना वाटत होतं आपण त्याचं भलं करतोय. पोशेट्टी "जी" म्हणाला आणि डबा उचलून गोदामाकडे निघाला.

मी मागे गेले. इथल्या पद्धतीची माहिती नसलेल्यांसाठी सांगते, माणसाचा इथला राहण्याचा परवाना त्याच्या मालकाशी बांधलेला असतो. काम गेलं की सहसा माणूसही जातो. या वयात, क्रेट न उचलता येणाऱ्या माणसाला दुसरा मालक कोण घेणार?

"तुमचं घरी काय आहे?" मी विचारलं.

"बायको हाय. लहानी पोरगी नर्सिंगला हाय नांदेडला. दीड वर्स ऱ्हायलंय तिचं." मग म्हणाला, "तेवढं झालं अस्तं तर मीच म्हन्लो अस्तो, जातो."

"अबू फहादना सांगा ना."

"काय सांगू? पाखरं राखाया माणूस लागतो म्हणू? तुमीच तर लिवलंय लागत न्हाई." पत्रकावरचं ते एक वाक्य हिंदीतही छापलेलं होतं.

परत येताना मी गाडीत विचार केला, फार काही बिघडलेलं नाही. महिना संपायला तीन आठवडे आहेत. आठव्या दिवशी पाखरं बुजगावण्यांवर बसतील, अबू फहादना आपोआप कळेल माणूस लागतो, मला तोंड उघडायची गरजही पडणार नाही. पाखरं माझं काम करतील. दुकानातली नाचक्की परस्पर टळेल. घरी सईला सांगितलं तर तिने फोनवरून नजर न काढता म्हटलं, "सो यू आर होपिंग युवर ओन थिंग फेल्स?" मी तिला जेवायला बसवलं.

दहाव्या दिवशी अबू फहादचा फोन आला. मी तक्रारीची तयारी करून उचलला. ते आनंदात होते. एक पाखरू नाही, म्हणाले. शेजारच्या शेतात साळुंक्यांचा धुमाकूळ आहे आणि आपल्याकडे एक नाही. चुलतभावाला आणखी वीस हवेत. पोशेट्टीचं तिकीट काढायला दिलंय.

फोन ठेवला आणि मला बरं वाटेना. माझी वस्तू इतकी चांगली नव्हती. माझ्या वस्तूला मी ओळखते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कंपनीला न सांगता वफ्र्याला गेले. मक्यात शिरले आणि पहिल्याच एस्पांताल्युजवळ खाली बघितलं. त्याच्या पायाशी खांब रोवल्याची ताजी माती. चार पावलांवर एक बुजवलेला खड्डा. पलीकडे आणखी एक. माझ्या वहीतल्या बारा जागांपैकी एकाही जागेवर कुणी उभा नव्हता. मफलरवाला तर शेताच्या पार दुसऱ्या टोकाला गेला होता आणि त्याच्या डोक्यावर आता टोपी वेगळी होती.

पोशेट्टी पलीकडून पहार घेऊन आला.

"हे तुम्ही हलवलेत?"

"हाव. चौथ्या दिशी एक साळुंकी त्याच्या हातावर बसली. मंग हलवलो. आता एक दिसाआड हलवतो. कपडे बी अदलाबदली करतो. एकदा मीच त्याच्या जागी हुबा ऱ्हायलो, हात पसरून. लई भ्याले." पहिल्यांदाच तो थोडा हसला.

"पोशेट्टी, अबू फहादना वाटतंय ही एकटी काम करतायत. तुम्ही हलवता म्हणून करतायत. तुमचं तिकीट काढलंय त्यांनी."

"मला म्हाईत हाय."

"मग हलवू नका. आठ दिवस हात लावू नका. पाखरं बसू देत. त्यांना दिसेल."

त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "कणसं भरल्यात, अक्का. दान्यावर आलेलं पीक जानून पाखराला घालू? माझ्या डोळ्यापुढं?"

"तुमचं काम जातंय."

"जाऊ द्या. जायच्या दिशी बी राखूनच जाईन. मक्यानं काय केलंय माझं?"

मी बांधावर बसले. समोर बारा जण त्याच्या कपड्यांत हात हलवत होते. माणसाने आपलं काम इतकं चांगलं केलं होतं की त्यात तो स्वतः दिसेनासा झाला होता, आणि तो नाही असं कागदावर लिहून देणारी मी होते. आता सांगायचं तर मीच सांगायला हवं होतं, आणि चुलतभावाची वीस नगांची ऑर्डर तिथेच बुडणार होती. साहेबांना काय वाटेल याचाही विचार केला. फार वेळ नाही केला. थंडी होती आणि अबू फहाद येतच होते.

ते आले. मी म्हणाले, "अबू फहाद, दहा मिनिटं माझ्याबरोबर चाला."

मी त्यांना एकेका बुजगावण्यापाशी नेलं आणि खाली दाखवलं. हा खड्डा. हा खड्डा. हा. चौथ्या बुजगावण्यानंतर त्यांनी स्वतःच खाली बघायला सुरुवात केली. सातव्यापाशी थांबले.

"ये कौन किया?"

"तुमचा माणूस. एक दिवसाआड. पाखरं तीन दिवसांत ओळखतात. जागा बदलली नाही तर हे बारा म्हणजे पाखरांना बसायला बारा खुर्च्या."

"तुमने लिखा था, आदमी नहीं चाहिए."

"खोटं लिहिलं होतं."

कुवेती माणूस रागावला की आवाज चढवतो हे मला सवयीचं होतं. अबू फहादनी आवाज चढवला नाही, आणि ते जास्त अवघड गेलं. ते मक्यातून पोशेट्टीला बघत होते. तो लांब उभा होता, पहार हातात, आपण काय चोरी केली अशा चेहऱ्याने.

"उसने बोला नहीं मेरे को," ते म्हणाले.

"तो बोलणार नाही. म्हणून मी आले. तो जाणार असेल तर हे बाराही मी आज परत नेते. त्याच्याशिवाय यांचा उपयोग नाही आणि मला ते विकायचे नाहीत. तो राहणार असेल तर ठेवा."

"और मेरा चचेरा भाई?"

"त्यांच्याकडे राखायला कुणी आहे का ते आधी विचारा."

अबू फहादनी पायाने खड्ड्यावरची माती दाबून बघितली. मग त्यांनी हाक मारली, "पोशेट्टी, तआल." तो आला. त्यांनी त्याच्या हातातली पहार घेतली, वजन बघितलं आणि म्हणाले, "ये तो भारी है. ऑपरेशन का पेट है तेरा. हलका वाला लेके देता हूँ." मग खिशातून फोन काढून तिकीटवाल्याला लावला आणि त्याच्याशी अरबीत बोलत बोलत गाडीकडे गेले. मला 'खलास' एवढंच ऐकू आलं, पण त्यांचा हात 'राहू दे' म्हणत होता.

पोशेट्टीने मला विचारलं, "काय झालं?"

"हलकी पहार मिळणार आहे तुम्हाला."

त्याला लगेच उमगलं नाही. मग उमगलं आणि तो मक्याकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत राहिला. मी वहीत उगाच काहीतरी लिहिलं.

साहेबांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ते रागावले, आणि माझ्या मते त्यांचा राग वाजवी होता. चुलतभावाने वीसांऐवजी एकही घेतला नाही. मला वर्षभर शेतावरून काढून शहरातल्या खिळ्यांवर घातलं. कबुतरांचं मला विशेष प्रेम नाही, पण काम ते काम. नवं पत्रक मीच लिहिलं. त्यात आता पहिलीच ओळ आहे: दर तीन दिवसांनी जागा बदला, आणि त्यासाठी पाखरं ओळखणारा एक माणूस ठेवा. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आता तो एस्पांताल्यु झाला. आधी नुसता आल्यु होता." पुढच्या वर्षी ते साळगावला परत गेले. डोळ्यांनी आता मोठी शिलाईही होत नाही म्हणतात.

पण एक गोष्ट राहिली. अबू फहादच्या आधी ते पत्रक आणखी तीन शेतांवर गेलं होतं. मी तिघांनाही फोन केले. दोघांकडे राखणारा कुणी नव्हताच. तिसऱ्याकडे होता. "वो गया," तिथला मुकादम म्हणाला. कधी? लावल्यानंतर लगेच. कुठला होता? बांगलादेशी असेल. नाव? त्याने तिथे कुणाला तरी ओरडून विचारलं, दोघांतिघांना विचारलं, आणि फोनवर परत येऊन म्हणाला, याद नहीं. मी विचारलं, बुजगावण्यांच्या अंगावर निळी डांगरी आहे का? म्हणाला, है ना, उसी का है.

तेव्हापासून मी कपडे मागत नाही. आम्ही नवे शिवतो. पाखरं नव्या कपड्यांना जरा कमी भितात, हे खरं आहे, आणि विचारणाऱ्याला मी तसं सांगते.

गेल्या डिसेंबरात मला पुन्हा शेतांवर पाठवायला लागले. वफ्र्याला दुसऱ्या कामासाठी गेले होते, वाटेत अबू फहादच्या कुंपणाशी गाडी थांबवली. धुकं अजून उतरलेलं नव्हतं. मका छातीभर उंच होता आणि त्यात निळ्या डांगऱ्यांतली माणसं इथेतिथे उभी होती, हात पसरून. नांदेडच्या पोरीचं शेवटचं वर्ष चालू असेल, असं मनात आलं. वारा पडलेला होता, एकही हात हलत नव्हता. सवयीने मी मोजायला लागले. मी बारा दिले होते. मोजले तर तेरा भरले. पुन्हा मोजले, पुन्हा तेरा.

मी गाडीचं दार लावलं. त्या आवाजाने तेरांतल्या एकाने मान वळवली आणि सगळ्या साळुंक्या एकदम उठल्या.